रविवारी किती वाजता यायचं?

जुलैतली गोष्ट. दिवसभर पाऊस लागून राहिलेला, आणि आमच्या सोसायटीच्या मागच्या भिंतीला लागून जी पत्र्याच्या खोल्यांची रांग आहे तिथं घोट्याएवढा चिखल. वडगाव शेरीत अशा रांगा अजून बऱ्याच आहेत, पुढं काचेच्या इमारती, मागं पत्र्याच्या खोल्या, आणि मधे फक्त एक भिंत. त्या रांगेत शेवटून दुसऱ्या खोलीत राहणाऱ्या बाईच्या नवऱ्याचा पाय मोडला होता. सेंट्रिंगच्या कामावर फळी सरकली आणि तो पहिल्या मजल्यावरून खाली आला. ठेकेदारानं त्या दिवशी दवाखान्यात नेलं, प्लास्टर घालून दिलं, थोडे पैसे हातावर ठेवले आणि मग फोन उचलायचाच बंद झाला. मी आणि आमच्या मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, एक मावशी किराण्याची पिशवी घेऊन संध्याकाळी तिच्याकडे गेलो. तिनं पिशवी घेतली, पण आत नेली नाही. उंबऱ्यावरच ठेवली, पदरानं हात पुसले आणि अगदी व्यवहाराचं बोलावं तसं सरळ विचारलं, "काकू, मग रविवारी किती वाजता यायचं?"

मला आधी कळलंच नाही. म्हटलं, कुठं गं? तर म्हणाली, "तुमच्या चर्चला. किती रविवार यावं लागंल तेवढं आत्ताच सांगा, म्हंजी मी कामावरच्या मॅडमला तसं सांगून ठेवते."

आवाजात राग नव्हता, टोमणा नव्हता, काही नव्हतं. दुकानात आपण विचारतो ना, किती झाले भाऊ, तसं. मी म्हटलं, अगं काही यायचं नाहीये कुठं, तू आधी पिशवी आत ने, साखर भिजेल. मावशी म्हणाल्या, "नवऱ्याचा पाय बरा होऊ दे, बाकीचं कशाला काढतेस." ती "बरं" म्हणाली. पण त्या "बरं"मध्ये विश्वास नव्हता हे आम्हा दोघींनाही कळलं, आणि परत येताना छत्रीत आम्ही काहीच बोललो नाही.

तो प्रश्न नंतर कित्येक दिवस डोक्यातून जाईना. भाजी निवडताना आठवायचा, उपासनेत पाळकसाहेब प्रार्थना करत असले तरी आठवायचा. तिला असं का वाटलं असेल याची कारणं शोधायला लांब जायची गरज नव्हती. निवडणुकीच्या आधी त्या रांगेत साखर आणि रवा येतो, पुड्यावर कुणाचा तरी हात जोडलेला फोटो असतो. धुण्याभांड्याच्या कामावर जुने कपडे मिळतात आणि त्या आठवड्यात बाल्कनीच्या जाळ्याही पुसून घेतल्या जातात. बचत गटाचं कर्ज मिळतं तर हप्त्याच्या दिवशी सगळ्या बायकांनी एकत्र बसायचं असतं. तिच्या सगळ्या आयुष्यात कुणी काही दिलं आणि मागून काही मागितलं नाही असं फारसं झालंच नसणार. आमच्या खिडकीत नाताळात चांदणी लागते, त्यामुळं मी कोण हे तिला माहीत होतं. तर आमचीही काहीतरी किंमत असणार, ती रविवारची असणार, असा तिनं हिशोब केला. हिशोब चुकीचा होता, पण तो तिनं जगून शिकलेला हिशोब होता.

माझी आजी नगर जिल्ह्यातली. तिच्या लहानपणी, सुगी झाली की गावातल्या विधवा आणि ज्यांना जमीन नाही अशी माणसं सरवा वेचायला जायची. ज्वारीची काढणी होऊन पेंढ्या खळ्यावर गेल्या की रानात गळालेली, राहून गेलेली कणसं वेचायची. आजीची आई आजीला कडेवर घेऊन जायची म्हणे. आजी सांगायची की काही शेतवाले बायांना हुसकून लावायचे, कुत्री सोडायचे, आणि काही असे असायचे की पेंढी बांधताना मुद्दाम सैल बांधायचे. हे सैल बांधणं सांगताना आजीचे हात आपोआप तसे व्हायचे, पेंढी गुडघ्याखाली दाबून आळं ओढायचं पण घट्ट नाही ओढायचं. पुढं मी मोठी झाल्यावर पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलात, लेवीय वाचलं, एकोणिसावा अध्याय, तिथं स्पष्टच लिहिलंय की शेताच्या कडेकोपऱ्यापर्यंत कापणी करू नका, गळालेलं वेचू नका, ते गरिबासाठी आणि परक्यासाठी राहू द्या. आणि रूथच्या गोष्टीत तर शेतमालक बवाज आपल्या गड्यांना सांगतो की तिच्यासाठी पेंढ्यांतून मुद्दाम ओढून टाका, आणि तिला बोलू नका. मवाबातली परकी बाई ती, विधवा, सासूला घेऊन आलेली. मला त्यातलं "तिला बोलू नका" फार महत्त्वाचं वाटतं. धान्य सांडणं सोपं आहे. ती वाकून वेचत असताना तोंडातून शब्द न काढणं, उपकाराचा नाही की उपदेशाचा नाही, ते अवघड.

आजी नंतर पुण्यात आली, गुरुवार पेठेत पंचहौदपाशी दोन खोल्यांत संसार केला. सकाळ-संध्याकाळ भात टाकायच्या आधी ती तांदळाची एक मूठ डालड्याच्या रिकाम्या डब्यात टाकायची. मुठीतून पत्र्यावर तांदूळ पडल्याचा तो आवाज माझ्या लहानपणाचा आहे. घरात तांदूळ कमी असला तरी मूठ टाकली जायचीच, फार तर मूठ जरा लहान व्हायची. मिझोराममधल्या ख्रिस्ती बायकांनी अशाच मुठी साठवून साठवून मंडळीची कितीतरी कामं चालवली हे मला फार नंतर कळलं, आजीला काही ते माहीत असायचं कारण नव्हतं. डबा भरला की तो कुणाकडे तरी जायचा. कुणाकडे ते आम्हाला सांगितलं जायचं नाही. एकदा मी मागं लागले तेव्हा म्हणाली, "तुला सांगितलं तर तू उद्या त्या पोराकडं खेळताना वेगळ्या नजरेनं बघशील." उजव्या हातानं काय केलं ते डाव्या हाताला कळू देऊ नका असं प्रभूनं सांगितलंय, ते मी संडे स्कूलमध्ये पाठ केलं होतं. आजी ते स्वयंपाकघरात करत होती.

पण त्या बाईचा प्रश्न आजीच्या डब्यानं सुटत नाही, कारण तिला देणारं कोण हे दिसलं होतं. आणि खरं सांगायचं तर हा प्रश्न या शहरात नवा नाहीच. पंडिता रमाबाईंनी विधवा मुलींसाठी शारदा सदन 1889 मध्ये मुंबईत काढलं आणि 1890 मध्ये पुण्यात आणलं. त्यांनी स्वतः 1883 मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला होता हे सगळ्यांना माहीत होतं, तरी रानडे, भांडारकर यांच्यासारखी माणसं सल्लागार म्हणून पाठीशी उभी राहिली, ती याच बोलीवर की सदनात धर्मशिक्षण दिलं जाणार नाही. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करायच्या, दार उघडं असायचं, ज्या मुलींना यावंसं वाटेल त्या येऊन बसायच्या. त्यावरून पुण्यात केवढं वादळ उठलं. केसरीनं झोडपून काढलं, 1893 मध्ये सल्लागारांनी राजीनामे दिले, बऱ्याच पालकांनी मुली काढून नेल्या. त्या काढून नेलेल्या बालविधवा मुलींचं पुढं काय झालं असेल, केस काढून परत कुठल्या कोपऱ्यात बसल्या असतील, या विचारानं मला आजही कसंतरी होतं.

मी रमाबाईंची बाजू घेऊनच वाढले. आमच्या घरात त्यांचं नाव फार आदरानं घेतलं जायचं, त्यांचं सोप्या मराठीतलं शास्त्राचं भाषांतर आजीच्या उशाशी असायचं. आपल्याच खोलीत आपलं दार उघडं ठेवून देवाचं नाव घ्यायचं नाही तर कुठं घ्यायचं, असं मला अजूनही वाटतं. पण त्या जुलैनंतर मला त्या पालकांच्या मनातली भीतीही थोडी कळायला लागली. ज्या मुलीला जगात दुसरं छप्पर नाही ती उघड्या दारातून आत येते तेव्हा ती स्वतःच्या मनानं येते की छप्पर टिकावं म्हणून येते, हे कुणी कसं ओळखायचं? तिलाही ते नक्की सांगता येईल का? रमाबाईंना हे कळत नसेल असं मला वाटत नाही, कारण भूक त्यांनी पुस्तकात वाचली नव्हती. 1874 च्या सुमाराला दुष्काळात त्यांचे आईवडील आणि थोरली बहीण थोड्याथोड्या अंतरानं गेले, आणि त्या भावाबरोबर पायी हिंडत राहिल्या. तीच बाई पुढं 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतात गेली आणि हाडाचे सापळे झालेल्या मुलींना घेऊन आली. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्या मुलींसाठी शेती होती, तेलाचा घाणा होता, विणकाम होतं, छापखाना होता. आमच्या मंडळीची सहल एकदा केडगावला गेली होती, दौंडच्या लोकलनं, तेव्हा सगळ्यांनी समाधीजवळ फोटो काढले आणि मी बराच वेळ विहिरीपाशी उभी होते. दुष्काळातून आणलेल्या पोरींना आधी पाणी लागतं, हे ज्या बाईला माहीत होतं तिनं आधी विहिरींची सोय बघितली असणार असं आपलं मला वाटत राहिलं.

असो, आमच्या मंडळीत या विषयावर दोन तट आहेत आणि दोन्हीकडे माझी माणसं आहेत.

एक तरुण आहे, फार तळमळीचा, रात्री अकरा वाजता कुणाला रक्त लागलं तर बाईक काढून निघणारा. तो म्हणतो, भाकर दिली आणि जीवनाची भाकर दिली नाही तर अर्धंच काम झालं. तो योहानाचा सहावा अध्याय काढतो. प्रभूनं पाच हजारांना जेवू घातलं, दुसऱ्या दिवशी लोक शोधत आले, तेव्हा प्रभूनं त्यांना सांगितलंच ना की तुम्ही भाकरी खाऊन तृप्त झालात म्हणून मला शोधताय. बरोबर आहे, सांगितलं. पण मी त्याला म्हणते, बाबा, ते दुसऱ्या दिवशी. आदल्या दिवशी गवतावर बसवलं तेव्हा कुणाला काही विचारलं नाही, पंगतीतून कुणाला उठवलं नाही, उरलेल्या बारा टोपल्या भरल्या तेव्हाही नावं लिहून घेतली नाहीत. आणि दहा कुष्ठरोग्यांचं काय? दहाही बरे झाले, आभार मानायला एकच परत आला, तोही शोमरोनी, परका. बाकीचे नऊ कुठं आहेत असं प्रभूनं विचारलं, त्याला वाईट वाटलंच असणार. पण त्या नवांचं कोड परत आलं असं लूकमध्ये कुठं लिहिलेलं नाही. ते तसेच बरे राहिले, आपापल्या घरी गेले, बायकापोरांना भेटले. मला वाटतं त्या नवांना बरं ठेवण्यात देवाचं मन जास्त दिसतं.

तो गप्प बसतो, पटलेलं नसतं. पण पुढच्या शनिवारी पिशव्या उचलायला तोच सगळ्यात आधी हजर असतो.

आणि मी तरी काय, मला ती बाई उपासनेला आली तर आवडेल. का नाही आवडणार? माझ्या आयुष्यात जे सगळ्यात मोलाचं आहे ते माझ्या शेजारणीलाही मिळावं असं मला मनापासून वाटतं, ते लपवण्यात काही अर्थ नाही. एवढंच की जोपर्यंत तिच्या घरातली चूल माझ्या पिशवीवर पेटतेय तोपर्यंत मी तिला बोलावणार नाही. त्या दिवसांत ती "येते" म्हणाली तरी तो होकार तिचा आहे की भुकेचा, हे मला कळणार नाही. पाय बरा होऊ दे, मजुरी सुरू होऊ दे, तिला माझ्या तोंडावर "नाही येणार जा" म्हणता येऊ दे, मग बघू. मत्तयच्या पंचविसाव्या अध्यायात, मी भुकेला होतो तुम्ही मला खायला दिलंत, असं राजा म्हणतो, तेव्हा त्या भल्या माणसांना पत्ताच नसतो. प्रभू, आम्ही तुला कधी भुकेला पाहिला, असं ती विचारतात. म्हणजे देतानाही त्यांनी त्याचं नाव घेतलेलं नव्हतं, आणि घेणाऱ्यानंही घेतलेलं नव्हतं.

पिशवीवरून सुद्धा आमच्याकडे मोठी मीटिंग झाली होती, ते आता आठवतं. कुणीतरी सुचवलं की कापडी पिशव्या छापून घेऊ, मंडळीचं नाव, क्रूस, खाली एक वचन, दिसायलाही छान दिसतं आणि देणगीदारांनाही बरं वाटतं. दर चांगला मिळत होता. तेव्हा त्याच मावशी उठल्या. आयुष्यभर म्युनिसिपालिटीच्या शाळेत शिपाई होत्या त्या. म्हणाल्या, "पिशवीवर नाव नको. पोरं तीच पिशवी दप्तर म्हणून शाळेत आणतात. मग सगळ्या वर्गाला कळतं हिच्या घरी कुठनं येतं ते." विषय तिथंच संपला. तेव्हापासून किराणा दुकानातल्या साध्या पिशवीतच सामान जातं, बाजारातनं आल्यासारखं. तांदूळ, तूरडाळ, मटकी किंवा हरभरे, तेल, साखर, चहा पावडर, मीठ, कांदालसूण मसाला, कपड्याचा साबण, अंगाचा साबण. तेलाच्या पुड्याला कोपऱ्यावर चिकटपट्टी लावावी लागते, नाहीतर पिशवीत तळाशी गेला की फुटतो आणि साबणाचा वास डाळीला लागतो. घरात पोरी असतील तर पॅडची पाकिटं वर्तमानपत्रात गुंडाळून मधे सरकवायची. हे शेवटचं पहिल्यांदा पुरुषमंडळींच्या यादीत नव्हतंच.

2020 च्या लॉकडाऊनमध्ये चर्चचं दार बंद होतं, उपासना मोबाईलवर, आणि गेटपाशी चुन्याचे गोल काढून किट वाटणं चालू होतं. तेव्हा सगळीकडे फोटोंचा पूर आला होता. एका हातात पिशवी, दोन्ही बाजूंनी धरलेली, आणि घेणाऱ्याची नजर खाली. आम्ही फोटो काढले नाहीत. एका देणगीदारानं त्यावरून पुढचे पैसे थांबवले. हिशोब बघायला मागण्याचा त्याचा हक्क होता, आम्ही बिलं दाखवली, सह्यांची यादी दाखवली, पण त्याला चेहरे हवे होते आणि चेहरे काही आमचे नव्हते द्यायला.

कुणाला गरज आहे हे कळतं कसं, असं लोक विचारतात. आमच्याकडे ते किराणा दुकानदाराला आधी कळतं. तो राजस्थानी माणूस, ख्रिस्ती नाही, त्याच्या गल्ल्यावर वेगळा देव आहे, पण पेठेतल्या माझ्या आजीनंतर एवढं बारीक लक्ष ठेवणारं माणूस मी पाहिलं नाही. महिन्याचं सामान भरणारं घर आठवड्याचं भरायला लागलं की तो बघतो. मग रोजचं. मग लिटरच्या पुड्यावरून पावशेर सुट्ट्या तेलावर. मग चहा पावडरीची पाच रुपयाची पुडी. मग पोराला पाठवतात, मोठं माणूस येत नाही, कारण वहीतली उधारी वाढलेली असते. पोराला पाठवायला लागले की तो मला हळूच सांगतो, "भाभी, तीन नंबरवाले." पाय मोडलेल्या माणसाच्या घरचंही त्यानंच सांगितलं होतं. पुष्कळदा आम्ही पिशवी नेतच नाही, वहीतलं खातं थोडं खाली आणतो, आणि तो त्या घरच्याला सांगतो की जाऊ दे, तुमचं बघितलंय कुणीतरी, सामान घेऊन जा. मग ती बाई स्वतः दुकानात येते, आपल्या पसंतीचा तांदूळ घेते, आणि तिखट जरा कमी द्या असं सांगून घरी जाते.

मीटिंगमध्ये दुसरं एक वचन हटकून निघतं. ज्याला काम करायची इच्छा नाही त्यानं खाऊही नये, पौलाचं, थेस्सलनीकाकरांना लिहिलेलं. फुकट देऊन लोक आळशी होतात असं म्हणणारी माणसं वाईट नाहीत, त्यातली कित्येक स्वतः कष्टानं वर आलेली आहेत. पण पौल इच्छा नसलेल्याबद्दल बोलतोय. सकाळी साडेनऊच्या पुढं वारज्याच्या मजूर अड्ड्यावर एकदा उभं राहून बघावं. आठ वाजेपर्यंत धट्टीकट्टी पोरं टेम्पोत चढून गेलेली असतात. मागं राहतात ती पन्नाशीची माणसं, एखादी लेकुरवाळी, खोकणारा एखादा. घमेलं, थापी, डबा, सगळं जवळ असतं, डब्यात भाकरी असते, फक्त न्यायला कुणी आलेलं नसतं. द्राक्षमळ्याच्या दाखल्यात मालक संध्याकाळी पाच वाजता जातो आणि विचारतो, दिवसभर रिकामे का उभे आहात? ते म्हणतात, आम्हाला कुणी कामाला लावलं नाही. मालक त्यांना नेतो आणि तासाभराच्या कामाचेही दिवसाचे पैसे देतो, एक दीनार, म्हणजे त्या काळची एका दिवसाची मजुरी, जिच्यावर एका घराचं त्या रात्री भागेल. सकाळपासून राबलेले चिडतात, आणि लहानपणी मलाही तो दाखला अन्यायाचा वाटायचा. आता नाही वाटत. घरी चार तोंडं असली तर ती पाच वाजता कामाला लागलेल्या माणसाच्या घरीही चारच असतात, रात्री.

पैसे आणि पिशवी हा खरं तर यातला सोपा भाग. त्या बाईचं रेशनकार्ड केशरी, नाव यादीत, माणशी 5 किलो धान्य 2023 पासून फुकट, पण सासूचा अंगठा मशीनवर लागत नव्हता. मी एकदा बरोबर गेले. म्हातारीनं आयुष्यभर भांडी घासलेली, बोटांची टोकं अशी गुळगुळीत झालेली की रेघच नाही. तिनं अंगठा पदराला पुसला, मग केसांवरून फिरवला, तेल लागावं म्हणून, मग दाबून धरला. मशीननं नाही म्हटलं. दुसरं बोट, तिसरं बोट. मागची रांग चुळबुळायला लागली. म्हातारी माझ्याकडे बघून हसली, लाजून, जणू काही तिनंच कुठंतरी बोटं हरवली. शेवटी नातीचं नाव कार्डावर होतं, शाळा बुडवून तिला आणलं, तिचा अंगठा लगेच लागला. रेशनवर धान्य मिळालं तरी डाळ, तेल, गॅस, साबण हे राहतंच, पण धान्य मिळालं की पिशवी हलकी करता येते आणि दुसऱ्या घराला पुरते.

दवाखान्याचंही तसंच. पायाच्या ऑपरेशनचं निघालं तेव्हा आमच्या मंडळीतल्या एक निवृत्त नर्स, आमच्या सिस्टर, कामाला आल्या. धर्मादाय ट्रस्टच्या मोठ्या हॉस्पिटलांनी 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या, बिलांच्या 2 टक्के रक्कम त्यासाठी बाजूला काढायची, ही उच्च न्यायालयाची 2006 ची योजना त्यांना तोंडपाठ आहे. उत्पन्नाचा दाखला कुठं मिळतो, रेशनकार्डाची झेरॉक्स किती लागतात, सोशल वर्करच्या टेबलाशी कुठल्या वेळेला गर्दी कमी असते, सगळं. त्या दोन दिवस त्या बाईबरोबर बाकड्यावर बसल्या. पैसा एक लागला नाही त्यांचा, गुडघे मात्र दुखले. याकोबानं लिहिलंय ना, भावाबहिणीला अंगावर वस्त्र नाही, पोटाला अन्न नाही, आणि तुम्ही म्हणालात, सुखानं जा, ऊब घ्या, तृप्त व्हा, तर काय उपयोग. बाकड्यावर बसणं हे मला त्या वचनाचं खरं उत्तर वाटतं.

आणि हे फक्त आमचंच आहे असं मुळीच नाही. क्वार्टर गेटचं सिटी चर्च ज्या जागेवर आहे ती पेशव्यांनी दिलेली, आपल्या सैन्यातल्या ख्रिस्ती माणसांसाठी, 1792 मध्ये. ससून हॉस्पिटलची इमारत 1867 ची, डेव्हिड ससून या ज्यू व्यापाऱ्याच्या देणगीतून उभी राहिलेली, आणि तिथं केसपेपर काढताना ज्यू व्हावं लागेल का असं आजवर कुणाच्या मनातही आलेलं नाही. 2019 च्या सप्टेंबरात आंबिल ओढ्याचं पाणी रात्रीत घराघरांत घुसलं तेव्हा अरण्येश्वर, टांगेवाले कॉलनीकडे गणपती मंडळांची पोरं गाळ उपसत होती, गुरुद्वारातून जेवण येत होतं, आम्ही चादरी नेल्या होत्या. त्या चिखलात कोण कुणाचं हे बघायला कुणाला सवड नव्हती. मला ते दिवस फार आठवतात. वाईट दिवस होते, माणसं गेली होती, पण कुणी कुणाला "याच्या बदल्यात काय" असं विचारलं नाही.

कधी कधी मात्र कुणी दुसराच प्रश्न विचारतं. तीन नंबरच्या खोलीतल्या रिक्षावाल्या भाईंनी विचारला, त्यांच्या आईच्या डायलिसिसचे कागद घेऊन आम्ही बसलो होतो तेव्हा. "भाभी, आप ये सब क्यों करते हो?" ते हिंदीत बोलतात माझ्याशी, मी मराठीत. अशा वेळी मी गुळमुळीत काही सांगत नाही, माणुसकी वगैरे. मी सांगितलं की माझा येशूवर विश्वास आहे, त्यानं असं करायला सांगितलंय, आणि त्यानं माझ्यासाठी जे केलं त्याची परतफेड मला कधी जमणार नाही म्हणून ती पुढं कुणाला तरी करते. भाई म्हणाले, हमारे में भी जकात है, म्हणजे मुसलमानांनी गरिबांना द्यायचं दान. म्हटलं, माहितीये. मग आम्ही परत उत्पन्नाच्या दाखल्याकडे वळलो, त्यात त्यांच्या आईचं नाव एका ठिकाणी चुकलं होतं.

येत्या रविवारी सुगीचा सण आहे आमच्याकडे. मंडळीतली गावाकडची माणसं ज्वारी, भोपळे, नारळ, अंडी, एखादी कोंबडीसुद्धा वेदीपुढं आणून ठेवतात आणि उपासनेनंतर लिलाव होतो, एक भोपळा पाचशे-सातशेपर्यंत जातो कारण सगळ्यांना माहीत असतं पैसे कुठं जाणार ते. यंदा लिलावातून सिस्टर म्हणतायत तसं वॉकर आणि कमोडची खुर्ची घेऊन ठेवायची, लागेल त्याला वापरायला द्यायची आणि परत आणायची. किराणावाल्याकडच्या दोन उधाऱ्या आहेत. एका पोरीची बारावीची परीक्षा फी भरायची तारीख जवळ आलीय, तिची आई अजून काही बोललेली नाही, दुकानदारानं सांगितलंय. आज संध्याकाळी मावशींबरोबर त्याच्याकडे जायचंय.